रबर जरा बाजूला ठेवा

आज सुरुवातीलाच मी माझी एक जुनी लबाडी तुम्हांला सांगून टाकतो.

मी आठवीत होतो. आम्हांला घरून एक प्रयोग करून आणायला सांगितला होता. दोन करवंट्यांत माती घालून मूग पेरायचे. एक करवंटी खिडकीत ठेवायची, दुसरी बंद कपाटात. आठ दिवसांनी दोन्हींतील रोपांची उंची मोजून प्रयोगवहीत लिहायची. वनस्पतींना वाढीसाठी सूर्यप्रकाश लागतो, हे पुस्तकात छापलेलेच होते. तेव्हा खिडकीतली रोपे उंच असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आठव्या दिवशी कपाट उघडून पाहतो तो काय! अंधारातली रोपे पिवळी आणि लुकडी खरी, पण खिडकीतल्या रोपांपेक्षा कितीतरी उंच!

मला वाटले, आपलेच काहीतरी चुकले. मी वहीत लिहिलेले दोन्ही आकडे रबराने खोडले आणि त्यांची अदलाबदल करून टाकली. सरांनी त्यावर बरोबरची खूण केली. दहापैकी दहा गुण! पुढे कित्येक वर्षांनी मला कळले, की अंधारात उगवलेले रोप बियांतला सगळा साठा उंच होण्यात खर्च करते. लवकरात लवकर उजेड गाठायचा, ही त्याची धडपड असते. उजेड मिळालेले रोप मात्र बुटके, जाड आणि हिरवे होते. म्हणजे माझे मूग खरे बोलत होते. खोटे बोललो होतो तो मी!

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे. झाडांच्या अंगात विषाणू शिरला, तर झाडे त्याच्याशी कशी लढतात, याचा शोध कसा लागला ते मी नुकतेच पुन्हा वाचीत होतो. त्या शोधाच्या वाटेवर ठिकठिकाणी माझ्या मुगासारखी ‘उलटी’ निरीक्षणे पडलेली दिसतात. फरक एवढाच, की ती ज्यांना दिसली त्यांनी ती खोडली नाहीत. आपल्या शाळांतून मात्र ‘बरोबर’ उत्तर येण्यासाठी वाचने खोडण्याची सवय आपण सर्रास लावून घेतो. ही सवय मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे पटवण्यासाठी या शोधाची हकीगतच सांगतो.

बऱ्या झालेल्या पानांचे कोडे

इ.स. १९२८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात विंगार्ड नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ तंबाखूच्या ‘रिंगस्पॉट’ रोगाचा अभ्यास करीत होते. या रोगात पानांवर एकात एक वर्तुळे काढावीत तसे डाग पडतात. विंगार्ड यांनी निरोगी रोपाच्या खालच्या पानांना हा रोग लावला. अपेक्षेप्रमाणे त्या पानांवर वर्तुळे उमटली. त्यांच्या वरच्या पानांवर ती थोडी कमी उमटली. पण त्यानंतर शेंड्याकडे जी नवी पाने फुटली, ती मात्र स्वच्छ, हिरवीगार! आणि या पानांना तोच रोग पुन्हा लावून पाहिला, तरी तो त्यांना होईना.

आता जरा विचार करा. आपल्याला एकदा गोवर होऊन गेला, की तो सहसा पुन्हा होत नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांनी बनवलेली प्रतिपिंडे त्या शत्रूची ओळख जपून ठेवतात. पण झाडाला रक्त कुठले? मग या तंबाखूच्या रोपाने आपल्या शत्रूची ओळख ठेवली तरी कुठे? त्या काळी झाडांचा विषाणू कोणी पाहिलेलाही नव्हता. तंबाखूच्याच एका दुसऱ्या विषाणूचे चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून प्रथम मिळाले ते १९३९ साली. विंगार्ड यांच्यापाशी या कोड्याचे उत्तर नव्हते. तरीही जे दिसले ते त्यांनी चित्रासह प्रसिद्ध करून ठेवले. पुढे जवळजवळ सत्तर वर्षे ते निरीक्षण उत्तराची वाट पाहत राहिले.

जांभळी करायला गेले, पांढरी झाली

आता आपण १९९० सालात येऊ. पिटुनियाचे फूल तुम्ही बागेत पाहिले असेल. कर्ण्याच्या आकाराचे, बहुधा जांभळे किंवा गुलाबी. कॅलिफोर्नियातील कॅरोलिन नापोली, रिचर्ड जॉर्गेनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा जांभळा रंग अधिक गडद करायचा होता. पाकळीतील रंग तयार होण्यासाठी चाल्कोन सिंथेज नावाचे एक विकर लागते. ते बनवण्याची माहिती एका जनुकात असते. पेशी या जनुकाची एक तात्पुरती नक्कल काढते. ही नक्कल म्हणजे आर.एन.ए.चा एक धागा. तो वाचून विकर तयार होते. संशोधकांचा विचार सरळ होता. या जनुकाची आणखी एक प्रत झाडात घातली, की नकला वाढतील, विकर वाढेल आणि रंगही वाढेल.

प्रत्यक्षात काय झाले? जादा जनुक मिळालेल्या झाडांपैकी ४२ टक्के झाडांना पांढरीशुभ्र किंवा पांढऱ्या-फिकट पट्ट्यांची फुले आली! बाहेरून घातलेले जनुक तर गप्प झालेच, पण त्याने झाडाच्या स्वतःच्या जनुकालाही गप्प केले. त्याच सुमारास हॉलंडमधील संशोधकांनाही पिटुनियात हाच प्रकार आढळला.

अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केले असते? कुंड्या बदलल्या असत्या, किंवा प्रयोग ‘फसला’ म्हणून सोडून दिला असता. नापोली-जॉर्गेनसेन यांनी मोजायला सुरुवात केली. तुलनेसाठी त्यांनी रंगाचे जादा जनुक नसलेली शेकडो झाडे ठेवली होती. त्यांतल्या एकालाही असे फूल आले नव्हते. म्हणजे हा माती-पाण्याचा दोष नव्हे. मग त्यांनी आर.एन.ए. मोजला. पांढऱ्या फुलांत झाडाच्या मूळ जनुकाचा आर.एन.ए. तब्बल पन्नास पटींनी कमी झालेला होता. काही झाडांच्या फुलांचा रंग पुढे परतला, तेव्हा मूळ आणि जादा अशा दोन्ही जनुकांचे आर.एन.ए. बरोबरच वाढले. कारण कळले नव्हते. पण ‘आम्हांला हवे होते त्याच्या नेमके उलटे झाले’, हे आकड्यांनिशी त्यांनी जगापुढे ठेवले.

अशा गोष्टी एकामागून एक पुढे येऊ लागल्या. अमेरिकेतील ओरेगन राज्यात लिंडबो आणि डोहर्टी हे तंबाखूला एका विषाणूपासून वाचवू पाहत होते. त्यासाठी विषाणूच्या बाहेरील आवरणाच्या प्रथिनाचे जनुक त्यांनी तंबाखूत घातले. तुलनेसाठी त्याच जनुकाचा असा एक प्रकारही घातला, की ज्यापासून आर.एन.ए. बनेल, पण प्रथिन बनणार नाही. प्रथिन नाही तर संरक्षण नाही, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. पण १९९२ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की प्रथिन न बनवणारी रोपेदेखील विषाणूला दाद देत नाहीत. म्हणजे ढाल प्रथिनाची नव्हती, ती आर.एन.ए.ची होती! पुढच्याच वर्षी त्यांना काही रोपांत आणखी एक चमत्कार दिसला. रोपे आधी आजारी पडली आणि काही आठवड्यांनी फुटलेली त्यांची नवी पाने निरोगी निघाली. विंगार्ड यांच्या तंबाखूची आठवण झाली ना?

१९९५ साली ग्वो आणि केम्फ्युस यांना अशीच विसंगती एका सूक्ष्म कृमीत दिसली. एका जनुकाचे काम बंद पाडण्यासाठी त्यांनी कृमीत ‘उलटा’ आर.एन.ए. टोचला, आणि तुलनेसाठी ‘सुलटा’. सुलट्याने काही होऊ नये, पण परिणाम दोन्हींचा सारखाच! तोही त्यांनी जसाच्या तसा लिहून ठेवला. १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी या कोड्याची गाठ सोडवली. खरी करामत सुलट्याची नव्हती आणि उलट्याचीही नव्हती. हे दोन धागे एकमेकांना जुळून होणारा जो दुहेरी आर.एन.ए., त्याची ती करामत होती. या शोधाबद्दल दोघांना २००६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीतील कात्री

मग झाडात नेमके घडते तरी काय? आज आपल्याला ते बऱ्यापैकी माहीत आहे.

झाडांच्या बहुतेक विषाणूंचा मूळ ऐवज म्हणजे आर.एन.ए.चा एकेरी धागा. पेशीत शिरल्यावर विषाणू स्वतःच्या नकला काढू लागतो. नक्कल काढताना मूळ धागा आणि त्याला जुळणारा नवा धागा यांची जोडी तयार होते. म्हणजे दुहेरी आर.एन.ए. झाला! पेशीच्या स्वतःच्या कारभारात असा लांबलचक दुहेरी आर.एन.ए. सहसा नसतो. तेव्हा तो दिसला, की घरात चोर शिरल्याची खूण पटते.

ही खूण पटताच पेशीतील एक विकर पुढे सरसावते. त्याचे नाव डायसर, म्हणजे तुकडे करणारा. ते त्या दुहेरी धाग्याचे एकसारखे बारीक तुकडे पाडते. आर.एन.ए. हा न्यूक्लिओटाइड नावाच्या मण्यांची माळ मानला, तर प्रत्येक तुकडा २१ ते २४ मण्यांचा असतो. मग आर्गोनॉट नावाचे प्रथिन यातला एक एकेरी तुकडा उचलून आपल्यापाशी धरते. पोलिसाच्या हाती चोराचे छायाचित्र असावे, तसा हा तुकडा. त्याला जुळणारा आर.एन.ए.चा धागा पेशीत दिसला, की आर्गोनॉट त्याचे दोन तुकडे करते. विषाणूचा धागा असा तुटत राहिला, की विषाणूची वाढ खुंटते. या सगळ्या प्रकाराला ‘आर.एन.ए. सायलेन्सिंग’ म्हणतात; आपण त्याला आर.एन.ए.चे तोंड बंद करणे म्हणू.

गंमत अशी, की ही छायाचित्रे एकाच पेशीत राहत नाहीत. आर्गोनॉटने तोडलेल्या धाग्यावरून दुसरे एक विकर पुन्हा दुहेरी आर.एन.ए. बनवते आणि त्याचे आणखी तुकडे पडतात. हे तुकडे पेशीपेशींमधल्या बारीक छिद्रांतून आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांतून झाडभर पसरतात. फ्रान्समधील संशोधकांनी १९९७ साली तंबाखूवर कलम बांधून हे दाखवले. खालच्या खुंटात एक जनुक गप्प झालेले होते. त्यावर बांधलेल्या फांदीतही ते गप्प झाले! विषाणू वरच्या कोवळ्या पानांत पोहोचण्याआधी किंवा बरोबरच ही खबर तेथे पोहोचते. म्हणूनच तर विंगार्ड यांची वरची पाने स्वच्छ निघाली. इंग्लंडमधील नॉर्विच येथील डेव्हिड बॉल्कम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ‘बऱ्या होणाऱ्या’ रोपांचा आणि गप्प होणाऱ्या जनुकांचा संबंध १९९७ साली जोडून दाखवला. १९९९ साली बॉल्कम आणि अँड्र्यू हॅमिल्टन यांनी ते बारीक तुकडेही शोधून काढले. नेहमीच्या पद्धतीत इतके छोटे तुकडे हातून निसटत असत. त्यांनी मुद्दाम छोट्याच तुकड्यांसाठी जाळे टाकले.

विषाणूही काही गप्प बसणारा नव्हे. कित्येक विषाणू या पोलिसालाच अडवणारी प्रथिने बनवतात. टोमॅटोच्या एका विषाणूचे ‘पी-१९’ नावाचे प्रथिन तर तुकड्यांची लांबी जणू व्हर्नियर कॅलिपरमध्ये धरून मोजते, आणि नेमक्या मापाचे तुकडे पकडून ठेवते. मग ते आर्गोनॉटच्या हाती लागतच नाहीत. बटाट्याला किंवा तंबाखूला दोन विषाणू एकाच वेळी झाले, की रोग कधीकधी फार बळावतो. त्याचेही कारण हेच. एक विषाणू पहारेकऱ्याचे हात बांधतो आणि दुसरा घर लुटतो.

याचा एक नमुना तुमच्या घरीही असू शकेल. विदर्भ-मराठवाड्यात पिकणारे पिवळे सोयाबीन तुम्ही पाहिले असेल. सोयाबीनच्या रानटी जातीचे बी काळपट असते. मग हे पिवळे कसे? त्याच्या सालीत चाल्कोन सिंथेजचे जनुक निसर्गतःच गप्प झालेले असते, पिटुनियाच्या पांढऱ्या फुलात झाले होते तसेच! आता अशा झाडाला काही ठरावीक विषाणू झाले, तर विषाणूचे प्रथिन या तोंड बंद करण्याच्या कामातच अडथळा आणते. जनुक पुन्हा बोलू लागते आणि पिवळ्या दाण्यावर तपकिरी-काळे डाग उमटतात. जपानी संशोधकांनी २००४ साली हे दाखवून दिले. मात्र डाग दिसला की विषाणूच, असे म्हणू नका. डाग बुरशीनेही पडतात. खात्री करायची तर तपासावे लागते.

मग आपण काय करावे?

विंगार्ड यांनी १९२८ साली वरची पाने ‘चुकून निरोगी राहिली’ म्हणून सोडून दिली असती, तर? जॉर्गेनसेन यांनी पांढऱ्या फुलांच्या कुंड्या उकिरड्यावर टाकल्या असत्या, तर? कदाचित हा शोध कोणीतरी, कधीतरी लावलाच असता. पण तो आणखी लांबला असता. आज या ज्ञानावर कितीतरी गोष्टी उभ्या आहेत. हवाई बेटांतील पुना भागात १९९२ साली पपईवर रिंगस्पॉटचा विषाणू आला आणि बागा उद्ध्वस्त होऊ लागल्या. १९९८ साली तेथे या विषाणूला दाद न देणारी पपईची जात लागवडीस आली. तिचे संरक्षण याच तत्त्वावर चालते. या बारीक आर.एन.ए.वर आधारलेले माणसासाठीचे पहिले औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. आपल्याकडील पपईच्या शेतकऱ्यालाही हा रोग पिडतो, हे त्याला विचारले तर तो सांगेल.

आता माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, ते मी आधीच मांडतो. कोणी म्हणेल, “शाळेतल्या मुलाच्या चुकलेल्या वाचनातून कुठे नोबेल पारितोषिक निघते काय?” हे खरे आहे. शंभरांतील नव्याण्णव वेळा उलटे वाचन म्हणजे आपलीच चूक असते. तापमापी नीट बुडलेला नसतो, लंबकाची आंदोलने मोजताना एक सुटलेले असते, बीच किडके असते. पण चूक कुठे झाली हे शोधायचे, तर चुकलेले वाचन वहीत शिल्लक हवे ना! खोडून टाकलेल्या आकड्याची चौकशी कोण करणार? आणि जे खरेच वेगळे असते, तेही त्याच रबराखाली जाते, माझ्या मुगांसारखे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. “वर्गात साठ मुले, तास पस्तीस मिनिटांचा. प्रत्येकाच्या वेगळ्या वाचनाची चर्चा कधी करायची?” ही अडचण खरी आहे, आणि शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. दोष आहे तो गुण देण्याच्या पद्धतीचा. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ आले तर पैकीच्या पैकी आणि ९.३ आले तर कमी, असे असेल, तर मुलगा ९.८ लिहिणारच. तो हुशार आहे! पण या हुशारीतून तो एक गोष्ट शिकतो: निसर्गाला विचारण्याची जरुरी नाही, उत्तर पुस्तकात आहे. ही शिकवण एकदा मुरली, की मोठेपणी हाच मुलगा औषधाच्या चाचणीचे, पुलाच्या काँक्रीटच्या तपासणीचे किंवा पिण्याच्या पाण्याचे आकडेही ‘बरोबर’ करून लिहील. आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रयोगवहीत प्रत्येक प्रयोगाखाली चार ओळींची जागा ठेवावी. मथळा द्यावा: ‘अपेक्षेपेक्षा वेगळे काय दिसले?’ दहापैकी दोन गुण या चार ओळींना असावेत. वेगळे काही दिसले नसेल, तर ‘नाही’ एवढे प्रामाणिक उत्तरही पुरे. वाचने शाईनेच लिहावीत. एखादे वाचन चुकले असे वाटले, तर त्यावर एकच रेघ मारावी, म्हणजे खालचा आकडा वाचता येईल. शेजारी कारण लिहावे. मग प्रयोग पुन्हा करावा, आणि तुलनेसाठी दुसरी कुंडी किंवा दुसरी परीक्षानळी नेहमी ठेवावी. नापोली-जॉर्गेनसेन यांच्यापाशी तुलनेची ती शेकडो झाडे नसती, तर त्यांच्या पांढऱ्या फुलांवर कोणी विश्वास ठेवला असता?

शाळेने ही पद्धत सुरू करेपर्यंत थांबू नका. तुमची वही तुमची आहे. येत्या रविवारी दोन करवंट्या घ्या आणि मूग पेरा. एक खिडकीत ठेवा, एक कपाटात. रोज सकाळी पट्टीने उंची मोजा आणि आकडा शाईने लिहा. उत्तर मी वर सांगून बसलो आहे खरा. पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मुगाऐवजी मटकी, हरभरा, गहू घेऊन पाहा. एखाद्या करवंटीत माझ्या सांगण्याच्या उलट काही दिसले, तर ते आधी वहीत लिहा, आणि मग मला पत्राने कळवा.